वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरे : मेथ घेतलेला रुग्ण इमर्जन्सीत येतो तेव्हा

गेल्या अंकात अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातील राज्यांमध्ये मेथॲम्फेटामिन, म्हणजे तिथल्या बोलीत ‘मेथ’, ‘आइस’ किंवा ‘क्रिस्टल’, या मादक द्रव्याच्या प्रसाराविषयी एक लेख प्रसिद्ध झाला होता. या द्रव्यामुळे होणाऱ्या दुखापती आणि विषबाधा घेऊन मोठ्या संख्येने लोक रुग्णालयांच्या इमर्जन्सी विभागात येतात, असे त्यात नमूद केले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी निवडक पत्रांना ॲरिझोनातील एका रुग्णालयाच्या इमर्जन्सी विभागात काम करणाऱ्या मराठी डॉक्टरांनी उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून दिलेली नाहीत.

प्रश्न : माझा मुलगा टेंपी येथे विद्यापीठात शिकतो. त्याच्या खोलीत राहणारा मुलगा गेल्या महिन्यात रात्री दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून खाली पडला आणि त्याच्या पायाचे हाड मोडले. रुग्णालयात लघवीच्या तपासणीत मेथ आढळले. तो बेशुद्ध नव्हता, उलट सारखा बडबडत होता आणि मोडलेल्या पायावर उभा राहू पाहत होता, असे माझा मुलगा सांगतो. नशेने माणूस गुंगीत पडतो एवढेच मला ठाऊक होते. हा काय प्रकार आहे? (एक आई, चँडलर, ॲरिझोना)

उत्तर : ताई, नशा म्हणजे गुंगी हा समज आपल्याकडे दारू आणि अफू यांच्यावरून रुजला आहे. मेथच्या बाबतीत तो साफ चुकतो. मेथमुळे मेंदूत डोपामिन आणि नॉरएपिनेफ्रिन ही द्रव्ये एकदम मोठ्या प्रमाणात मोकळी होतात. झोप उडते, भूक मरते, नाडी आणि रक्तदाब चढतात आणि आपल्याला काही होऊच शकत नाही अशी खात्री माणसाला वाटू लागते. कोकेनचा अंमल तासाभरात ओसरू लागतो, पण घेतलेल्या मेथपैकी निम्मे शरीरातून जायलाच दहा ते बारा तास लागतात आणि त्यात पुन्हा पुन्हा घेणे चालूच असते. दोन-तीन रात्री सलग जागलेला माणूस आमच्याकडे येतो तेव्हा त्याला भिंतीआड कोणीतरी आपल्याविरुद्ध कुजबुजत असल्याचे ऐकू येत असते. गॅलरीतून उडी मारणे हा त्या क्षणी त्याला सुटकेचा मार्ग वाटू शकतो. आपल्या मुलाच्या मित्राच्या बाबतीत नेमके काय घडले हे मी पत्रावरून सांगू शकत नाही, परंतु या क्रमाने पडलेली तरुण मुले मी पाहिली आहेत.

पडणे हा यातला एक भाग झाला. मेथचा अंमल चढलेला असताना माणूस बेफाम वेगाने गाडी हाकतो आणि अंमल उतरला की अनेक रात्रींची झोप एकदम अंगावर येऊन त्याच गाडीच्या स्टिअरिंगवर डोळा लागतो. दोन्ही वेळी अपघात होतो आणि दुसऱ्या प्रकारच्या अपघातात नशेचा संशयसुद्धा पुष्कळदा कोणाला येत नाही. मारामारीत झालेल्या जखमा येतात आणि घरातल्या माणसाने घरातल्याच माणसाला केलेली मारहाणही येते. कातडीखाली किडे वळवळत असल्याच्या भासाने स्वतःचे दंड आणि चेहरा नखांनी उकरून काढलेले रुग्ण येतात. त्या जखमांत पू होतो आणि तो संसर्ग रक्तात पसरला तर जिवावर बेततो. पूर्वी घरच्या घरी मेथ बनवताना स्फोट होऊन भाजलेले लोकही बरेच येत. सर्दीच्या गोळ्यांतील स्यूडोएफेड्रिन अमेरिकेत २००६ पासून ओळखपत्र दाखवून आणि नोंद करूनच मिळू लागल्यावर असे घरगुती कारखाने घटले आणि आता बहुतांश माल मेक्सिकोतून येतो. त्यामुळे भाजण्याचे प्रमाण उतरले, पण नशा करणाऱ्यांची संख्या उतरली नाही.

मोडलेल्या पायावर उभे राहण्याबद्दल आपण लिहिले आहे, त्यावर थोडे थांबायला हवे. मेथच्या अमलाखाली वेदना दबतात. रुग्ण ज्या ठिकाणी बोट दाखवतो तेवढेच दुखावले आहे असे धरून चालत नाही, म्हणून आम्ही डोक्यापासून तळपायापर्यंत तपासतो. मणका, बरगड्या, पोट काहीही सोडत नाही. ‘नशेत आहे, उतरली की शांत होईल’ हे वाक्य आमच्या विभागात मला सर्वांत धोकादायक वाटते, कारण मेंदूत रक्तस्राव झालेला, रक्तातील साखर घसरलेली किंवा प्राणवायू कमी पडलेला माणूसही असाच बडबडतो आणि असाच धडपडतो. शस्त्रक्रिया करायची असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना मेथविषयी माहीत असणे अत्यावश्यक असते, कारण दीर्घकाळ मेथ घेणाऱ्याचा रक्तदाब भूल दिल्यावर अचानक कोसळू शकतो. आपल्या मुलाला एवढेच सांगा की मित्राबरोबर रुग्णालयात जाण्याची वेळ पुन्हा आली तर माहीत असेल ते सगळे डॉक्टरांच्या कानावर घालावे.

लघवीच्या तपासणीबद्दलही एक खुलासा करतो. ती तपासणी होकारार्थी आली म्हणजे साधारण गेल्या दोन ते चार दिवसांत द्रव्य शरीरात गेले होते, इतकाच तिचा अर्थ आहे. सर्दीची काही औषधे आणि नैराश्यावरील बुप्रोपिऑनसारखी गोळीसुद्धा प्राथमिक तपासणीत चुकीचा होकार देऊ शकते. तेवढ्या कागदावरून कोणाच्या मुलावर शिक्का मारू नये.

प्रश्न : मी पत्रकारितेची विद्यार्थिनी आहे. मेथमुळे इमर्जन्सीत येणाऱ्यांचे वेगवेगळे आकडे वाचायला मिळतात. कोणते धरावेत? (पुणे)

उत्तर : आकडा कोणी आणि काय मोजून काढला हे आधी पाहावे. अमेरिकेत ‘ड्रग अब्यूज वॉर्निंग नेटवर्क’ ही सरकारी यंत्रणा रुग्णालयांतील कागदपत्रे वाचून अशा भेटी मोजत असे. तिच्या अंदाजानुसार मेथशी संबंधित भेटी २००७ साली सुमारे ६८ हजार होत्या आणि २०११ साली त्या सुमारे १ लाख ३ हजारांवर गेल्या. त्यानंतर ती यंत्रणा काही वर्षे बंद राहिली. रुग्णालयांच्या बिलांसाठी वापरल्या जाणाऱ्या निदान-संकेतांवरून मोजायचे म्हटले तर निराळीच अडचण येते. ऑक्टोबर २०२२ पर्यंत मेथच्या विषबाधेला स्वतंत्र संकेतच नव्हता. चंचल मुलांना डॉक्टर लिहून देतात ती ॲम्फेटामिनची गोळी आणि रस्त्यावर विकले जाणारे मेथ एकाच रकान्यात पडत. शिवाय वरच्या पत्रातला मुलगा हाडांच्या दुखापतीत मोजला जाणार, विषबाधेत नाही. म्हणून विषबाधेचा आकडा वाचताना दुखापतींचा मोठा हिस्सा त्याच्या बाहेर राहिला आहे, हे बातमीत लिहायला विसरू नका. मृत्यूंची नोंद त्या मानाने स्पष्ट आहे: मेथ ज्यात प्रमुख आहे अशा उत्तेजक द्रव्यांशी निगडित अतिमात्रेचे मृत्यू अमेरिकेत २०२१ साली ३२ हजारांहून अधिक झाले आणि त्यांपैकी निम्म्याहून जास्त जणांच्या शरीरात फेंटानिलसारखे, अफूसारखा परिणाम करणारे कृत्रिम द्रव्यही होते.

प्रश्न : सापाच्या विषावर लस असते. मेथच्या विषबाधेवर काही उतारा आहे का? नसेल तर रुग्णालयात नेऊन नेमके करतात काय? (निवृत्त शिक्षक, नाशिक)

उत्तर : गुरुजी, उतारा नाही. तरीही वेळेत आणलेले बहुसंख्य रुग्ण वाचतात, आणि ते कशामुळे वाचतात हे समजून घेण्यासारखे आहे.

मेथच्या विषबाधेत माणसाला मारणारी सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे अंगातली उष्णता. स्नायू सतत ताणलेले, हातपाय थांबत नाहीत, त्वचेतील रक्तवाहिन्या आवळल्यामुळे उष्णता बाहेर पडत नाही, आणि त्यात ॲरिझोनातला उन्हाळा, जिथे जून-जुलैत बाहेरचे तापमान ४३-४४ अंशांवर जाते. अशा रुग्णाचे शरीर ४१ अंशांपलीकडे तापले की यकृत, मूत्रपिंड, मेंदू आणि रक्त गोठण्याची क्रिया असे सगळेच एकामागून एक ढासळू लागते. हा संसर्गाने येणारा ताप नसल्यामुळे तापाच्या गोळीने तो उतरत नाही. म्हणून रुग्ण आल्याबरोबर आम्ही शरीराच्या आतले तापमान घेतो, कपडे काढतो, अंगावर पाण्याचे तुषार मारून पंखा लावतो, काखेत आणि जांघेत बर्फाच्या पिशव्या ठेवतो, आणि फारच वाढले असेल तर बर्फाच्या पाण्यात बसवतो.

दुसरे काम शांत करण्याचे. लोराझेपाम, मिडाझोलाम किंवा डायझेपाम या गटातील औषध पुरेशा मात्रेत दिले की तळमळ थांबते, नाडी उतरते, रक्तदाब खाली येतो, आकडी येणे टळते आणि उष्णता निर्माण होणेही मंदावते. मग सलाईन लावतो, हृदयाचा आलेख काढतो, रक्त तपासतो. स्नायू झिजून त्यातील घटक रक्तात उतरले असतील तर लघवी कोऱ्या चहासारखी होते आणि मूत्रपिंड बंद पडण्याचा धोका असतो. डोके प्रचंड दुखत असेल तर मेंदूचा सीटी स्कॅन करावाच लागतो, कारण रक्तदाब एकदम चढल्याने पंचविशीतल्या माणसाच्याही मेंदूतली रक्तवाहिनी फुटते. छातीत दुखत असेल तर हृदयविकाराचा झटका आणि महाधमनी फाटणे या दोन्ही शक्यता तपासतो.

एक गोष्ट मला फार कळकळीने सांगायची आहे. अशा माणसाला पाच-सहा जणांनी पालथा पाडून, पाठीवर गुडघा रोवून दाबून ठेवले की तो जीव तोडून झगडतो. त्या झगड्यात उष्णता आणि रक्तातील आम्ल दोन्ही वाढतात, श्वास कोंडतो, आणि हृदय अचानक थांबते. अमेरिकेत पोलिसांच्या ताब्यातील अशा मृत्यूंवर वर्षानुवर्षे ‘एक्सायटेड डिलिरियम’ (अतिउत्तेजित भ्रमावस्था) असे निदान लिहून कागद पुरे केले जात होते. इमर्जन्सी डॉक्टरांच्या राष्ट्रीय संघटनेने त्या संकल्पनेला आधार देणारा आपला २००९ सालचा अहवाल २०२३ मध्ये मागे घेतला आणि त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने हे निदान मृत्यूचे कारण म्हणून लिहिण्यास कायद्याने बंदी केली. हे पूर्वीच व्हायला हवे होते. रुग्णाला आवरावे लागतेच, पण ते उताणे किंवा कुशीवर ठेवून, थोडा वेळ, औषधाचा अंमल सुरू होईपर्यंत.

पोलीस दिसताच पुडी गिळून टाकणारेही येतात. ते सुरुवातीला अगदी ठणठणीत दिसतात, घरी सोडा म्हणतात, आणि पोटात प्लास्टिक सुटले की काही तासांनी एकाएकी विषबाधा भडकते. त्यामुळे गिळल्याचे कबूल करणाऱ्या माणसाला आम्ही कितीही बरा दिसला तरी लगेच सोडत नाही.

प्रश्न : मी मूळची महाडची. सध्या लेकीकडे टूसॉनला आहे. शेजारच्या दहा महिन्यांच्या बाळाला संध्याकाळी एकदम कळवळून रडू सुटले, हातपाय झाडू लागले, कोणाकडेच राहीना. विंचू चावला असे धरून रुग्णालयात लस दिली, तरी उतार पडला नाही आणि मग लघवीत मेथ निघाले. एवढ्याशा जीवाला हे कसे झाले? आणि डॉक्टरांचीही चूक कशी होते? (एक आजी)

उत्तर : आजी, विंचवाच्या दंशाने माणूस कसा तळमळतो हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. आपल्या महाडच्याच डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशाचा हृदयावर होणारा परिणाम अभ्यासला आणि प्राझोसिन हे औषध वापरून असंख्य रुग्ण वाचवले. ॲरिझोनातला बार्क विंचू निराळ्या जातीचा आहे. त्याच्या विषाने लहान मुलांचे डोळे गरागरा फिरतात, जीभ थरथरते, लाळ गळते, हातपाय आपोआप झाडले जातात. मेथ पोटात गेलेले बाळही अखंड रडते, नाडी फार वेगाने चालते, हातपाय स्थिर राहत नाहीत. रांगणारे बाळ कुठे काय चावले ते सांगू शकत नाही आणि या प्रदेशात विंचू घराघरांत निघतात, त्यामुळे डॉक्टरांचा पहिला विचार विंचवाकडे जाणे साहजिक आहे. मेथची बाधा विंचूदंश समजली गेल्याच्या नोंदी ॲरिझोनातील वैद्यकीय साहित्यात १९९८ पासून आहेत. लस दिल्यावर विंचवाची लक्षणे साधारणपणे काही तासांत ओसरतात. ओसरली नाहीत तर दुसरे कारण शोधायचे, हा नियम त्या अनुभवातूनच आला आणि त्या बाळाच्या बाबतीत डॉक्टरांनी तेच केले, असे आपल्या पत्रावरून दिसते.

बाळापर्यंत ते पोहोचते कसे, तर जमिनीवरून. गालिच्यात सांडलेली पूड, सोफ्याखाली सरकलेली पुडी, मेथ ओढण्याची काचेची नळी, यांतले जे हाताला लागेल ते रांगणारे मूल तोंडात घालते, आणि मोठ्या माणसाला नगण्य असलेली मात्रा आठ-नऊ किलोच्या जिवाला पुरून उरते. अशा वेळी डॉक्टरांना बालसंरक्षण विभागाला कळवणे कायद्याने बंधनकारक असते. शेजारधर्म म्हणून आपण त्या आईला कुठे कळवू नका असे सांगायला जाऊ नका. त्या घरात बाळ सुरक्षित राहील की नाही हे कोणीतरी पाहणे आवश्यक आहे. आपल्या नातवंडाने घरात काही संशयास्पद तोंडात घातले तर अमेरिकेत १-८००-२२२-१२२२ हा विषबाधा मदत क्रमांक अहोरात्र चालू असतो आणि तिथे दुभाषाही मिळतो. मूल तळमळत असेल किंवा मलूल झाले असेल तर मात्र थेट ९११.

प्रश्न : आमचा चोवीस वर्षांचा मुलगा ‘एमडी’ घेतो हे आम्हाला नुकतेच कळले. परवा रात्री तो घामाने डबडबला होता, छातीत धडधडते म्हणत येरझाऱ्या घालत होता. पोलीस केस होईल आणि चारचौघांत बोभाटा होईल या भीतीने आम्ही त्याला दवाखान्यात नेले नाही. लिंबू सरबत पाजून खोलीत कोंडून ठेवले. सकाळी झोपला. एमडी म्हणजेच हे मेथ का? आम्ही योग्य केले का? (एक वडील, पिंपरी)

उत्तर : दोन्ही द्रव्ये निराळी आहेत. एमडी म्हणजे मेफेड्रोन. ते मेथचे चुलतभावंड म्हणावे इतके जवळचे उत्तेजक द्रव्य आहे आणि भारतात फेब्रुवारी २०१५ मध्ये ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणले गेले. महाराष्ट्रात ते किती प्रमाणावर बनते हे २०२४ साली दौंड तालुक्यातील कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत सापडलेल्या साठ्याने सगळ्यांनी पाहिले आहे. विषबाधेची लक्षणे आणि उपचार यांच्या दृष्टीने मात्र वर लिहिलेले जवळजवळ सगळे एमडीलाही लागू पडते. फरक लक्षात ठेवायचा तो असा की ॲम्फेटामिनसाठीची लघवीची नेहमीची पट्टी मेफेड्रोन पकडेलच असे नाही; अहवाल नकारार्थी आला म्हणून मुलाने काही घेतले नाही असा निष्कर्ष काढू नका.

आपली भीती मी समजू शकतो. कोणत्याही आईवडिलांना ती वाटेल. तरीही ते दुखणे अंगावर काढले हे चुकलेच, असे मला स्पष्ट सांगितले पाहिजे. बंद, कोंदट खोलीत तळमळणाऱ्या माणसाचे अंग झपाट्याने तापते आणि दाराबाहेर बसलेल्यांना ते कळत नाही. मुलगा सकाळी झोपला हे आपले भाग्य. पुन्हा तसे घडले, अंग हाताला चटका बसेल इतके तापले, छातीत दुखले, आकडी आली किंवा तो भ्रमिष्टासारखे बोलू लागला, तर १०८ ला फोन करा, आणि रुग्णवाहिका येईपर्यंत त्याला मोकळ्या हवेत ठेवून अंग ओल्या कपड्याने पुसत राहा.

विषबाधेची नोंद रुग्णालय मेडिकोलीगल म्हणून करते आणि पोलिसांना कळवते, हे खरे आहे. पण परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच निर्वाळा दिला आहे की डॉक्टरांनी आधी जीव वाचवायचा, कायद्याची कागदपत्रे नंतर. तसेच अमली पदार्थ कायद्याच्या ६४-अ कलमानुसार अल्प मात्रेच्या किंवा सेवनाच्या गुन्ह्यात अडकलेली व्यसनाधीन व्यक्ती मान्यताप्राप्त ठिकाणी स्वेच्छेने उपचार घेत असेल तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळते. आपल्या प्रकरणात हे कसे लागू होईल ते वकिलांना विचारून घ्या. डॉक्टरांपुढे मात्र काही झाकू नका: काय घेतले, नाकाने की सुईने, किती वाजता, बरोबर दारू होती का, आणि नैराश्यावरच्या गोळ्या चालू आहेत का. शेवटचा प्रश्न लोकांना अनावश्यक वाटतो, पण त्या गोळ्यांबरोबर अशी द्रव्ये गेली की मेंदूतील सेरोटोनिन हे द्रव्य अतोनात वाढून प्रकृती आणखी गंभीर होते. व्यसनमुक्तीच्या मार्गदर्शनासाठी १४४४६ हा राष्ट्रीय क्रमांक निःशुल्क आहे.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ मेथच्या विषबाधेतून वाचून नुकताच घरी आला आहे. पुढे कोणते औषध द्यायचे? आणि घरात नॅलोक्झोनचा स्प्रे ठेवा असे परिचारिकेने सांगितले. तो तर अफूवरचा उतारा आहे ना? (फ्रीमाँट, कॅलिफोर्निया)

उत्तर : मेथच्या व्यसनावर अमेरिकेत मान्यता मिळालेले एकही औषध अद्याप नाही. नाल्ट्रेक्सोनचे इंजेक्शन आणि बुप्रोपिऑनच्या गोळ्या एकत्र देऊन केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. त्यात औषध घेणाऱ्यांपैकी १३.६ टक्के जणांना गुण आला आणि न घेणाऱ्यांपैकी २.५ टक्के जणांना. फायदा खरा आहे, पण लहान आहे. सर्वांत चांगला पुरावा एका वेगळ्याच पद्धतीला आहे: लघवीची तपासणी स्वच्छ आली की दर वेळी छोटेसे बक्षीस देणे. कॅलिफोर्नियात २०२३ पासून मेडी-कॅल या कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेतून काही काउंट्यांमध्ये (जिल्ह्यांमध्ये) ती दिली जाते आणि बक्षिसांची रक्कम वर्षाला ५९९ डॉलरपर्यंत जाऊ शकते. व्यसनी माणसाला पैसे कशाला, असे अनेक नातेवाईक विचारतात. माझ्या मते भाऊ पात्र असेल तर एक दिवसही न दवडता नाव नोंदवावे.

स्प्रे जरूर ठेवा. मेथवर त्याचा काहीही परिणाम होत नाही, परंतु रस्त्यावरच्या मेथमध्ये किंवा त्याच्या जोडीने फेंटानिल असण्याची शक्यता मोठी आहे, आणि २०२३ पासून हा स्प्रे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळतो. भाऊ तळमळत असेल तर स्प्रेचा उपयोग नाही, त्याला रुग्णालयात न्या. तो हाका मारूनही उठत नसेल, श्वास अगदी मंद किंवा घरघरत चालला असेल, ओठ निळसर पडले असतील, तर ९११ ला फोन करा, एका नाकपुडीत पूर्ण स्प्रे मारा, कुशीवर वळवा, आणि दोन-तीन मिनिटांत श्वास सुधारला नाही तर दुसऱ्या नाकपुडीत दुसरा स्प्रे द्या.